मूकपटातील विनोद (लेखांक ५) : गोकुळातील आरोपी

३ जानेवारी १९१४ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीने दाखविल्या गेलेल्या 'पिठाचे पंजे' या फाळक्यांच्या छोटेखानी प्रहसनाचा परामर्श आपण गेल्या लेखांकात घेतला. परंतु ज्याच्या विनोदाची खातरजमा आजही स्वतःच्या डोळ्यांनी करता येईल असा नाशिकचा मूकनट शोधू गेल्यास १९१९ च्या 'कालिया मर्दन'कडेच यावे लागते, आणि तेथे हाती लागते सहा-सात वर्षांची एक मुलगी, दादासाहेबांची कन्या मंदाकिनी.

'राजा हरिश्चंद्र'करिता एकही स्त्री तारामती होण्यास राजी होईना, म्हणून ज्यांनी उपाहारगृहातील अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविले, त्याच फाळक्यांनी पुढे पाच-सहा वर्षांत प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा मुकुट आपल्या मुलीच्या मस्तकी ठेवला. बालगंधर्वांच्या त्या युगात कोणाला यात विपरीत वाटले नसेल.

चित्रपटाच्या आरंभी, कथा सुरू होण्यापूर्वीच, मंदाकिनीचा चेहरा पडदाभर दिसतो आणि ती एकामागून एक भाव प्रकट करीत जाते. नोकरीच्या उमेदवाराने आपली प्रशस्तिपत्रे साहेबापुढे मांडावीत, तसा हा प्रकार आहे. पित्याच्या अभिमानाला ही प्रस्तावना अगत्याची वाटली असेल, पण मला तिचे खरे सामर्थ्य दिसते ते भाव दाखविण्याचा हुकूम संपल्यानंतर.

गोकुळातील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या शयनगृहात रात्री शिरून कृष्ण त्याची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधून ठेवतो. वेणी-दाढीच्या गाठीची ही कथा पुराण-कीर्तनांतून महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र कीर्तनकाराजवळ आवाज असतो, झांज असते, ऐन वेळी थांबून श्रोत्यांकडे पाहण्याची मुभा असते, आणि मूकपटाला यांतील काहीच उपलब्ध नसल्यामुळे हसे उपजवावे लागते ते केवळ विलंबातून : गाठ बसली हे आपल्याला ठाऊक, त्या निद्रिस्त दांपत्याला नाही, आणि ती दोघे जागी होईपर्यंतचा अवकाश सांभाळणे एवढेच काय ते नटाच्या हाती. तो सांभाळताना थोरामोठ्यांचे हात अस्थानी हलतात. या मुलीला मात्र खोडी हे काम वाटते, आणि काम करणारे मूल हसत नाही. 'द किड'मधील जॅकी कूगनला जगाने डोक्यावर घेतले ते १९२१ मध्ये, म्हणजे यानंतर दोन वर्षांनी. आपल्याकडे बालनटांची चर्चा निघाली की आजही प्रथम त्याचेच नाव येते, हे मला काहीसे खटकते.

मूळच्या सुमारे ६,००० फुटांपैकी ४,४०० फुटांहून अधिक भाग शिल्लक राहिला, हे आपले भाग्य. फाळक्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले आहेत. पाण्याखालील कालियाशी चाललेल्या झुंजीची तारीफ अनेकांनी केली आहे, व ती रास्तही आहे. परंतु ती करामत मुख्यतः दादासाहेबांच्या कॅमेऱ्याची. ज्यांना मंदाकिनी पाहावयाची आहे त्यांनी नंद-यशोदेच्या दारी ग्रामस्थांची फिर्याद चालू असतानाचा भाग पाहावा, आणि फिर्यादींपेक्षा आरोपीवर नजर ठेवावी.