चाप हलका, काडतूस मुकं!

२०२५ च्या सुरुवातीला आपल्या बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची फेरतपासणी झाली आणि बरेच परवाने रद्द झाले. तेव्हा रिव्हॉल्व्हर कोणाकडे आहे, यावर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झाली. आत काय चालतं, यावर मात्र कोणी बोललं नाही. मेकॅनिकलवाल्यांनी तरी बोलायला हवं. कारण आत आहे ती आपलीच स्प्रिंग आणि आपलंच घर्षण!

एनसीसीत फायरिंग केलेल्यांना पॉइंट टू टू (.२२) काडतूस माहीत असेल. मोठ्या काडतुसात मधोमध प्रायमर असतो. .२२ मध्ये तो वेगळा नसतोच. पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं. म्हणून हे 'रिमफायर'. १८५७ साली स्मिथ अँड वेसनने या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, आणि तत्त्व आजही तेच आहे. ही कड जेमतेम १ मिमी जाड. फायरिंग पिन आणि चेंबरची कड यांच्यामध्ये ती चेंगरली, की ठिणगी पडते.

मग गोळी मिस का होते? पहिलं कारण मळ. चेंबरमध्ये काजळी साचली की काडतूस पूर्ण आत बसत नाही. घोड्याचा घाव ते आत ढकलण्यातच वाया जातो. दुसऱ्या घावाला तेच काडतूस उडालं, तर संशय इथेच घ्यायचा. दुसरं, झिजलेली पिन किंवा पुढे-मागे हलणारा सिलिंडर. तिसरं, कडेत सगळीकडे सारखं न पसरलेलं रसायन. हा दोष काडतुसाचा. आणि चौथं कारण माणसानेच केलेलं: कमजोर स्प्रिंग.

खरी गंमत इथेच आहे. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. म्हणजे घोड्याची सगळी ऊर्जा आपल्या बोटातून येते. चाप जड लागतो म्हणून स्प्रिंग कापली, तर चाप हलका होतो खरा, पण घावही तेवढाच हलका होतो आणि काडतूस मुकं राहतं! फुकटात काही मिळत नाही, हे थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी सांगितलेलंच आहे. कमी करायचं ते घर्षण, ऊर्जा नव्हे. जाणकार कारागीर म्हणूनच स्प्रिंगला हात लावण्याआधी साफसफाई करतो आणि घासणारे पृष्ठभाग तपासतो.

कानस मारणं तर त्याहून वाईट. घोडा अडवणाऱ्या खाचेवर बऱ्याचदा केस हार्डनिंगचा पातळ थर असतो. तो गेला की खालचं मऊ पोलाद झिजतं, आणि एक दिवस धक्क्यानेच घोडा सुटतो. खेळातसुद्धा हलकेपणाला मर्यादा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारातही .२२ रिमफायरच वापरतात, आणि चापाचं वजन १००० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि सरळ तपासतात.

आता सर्वात महत्त्वाचं. गोळी उडाली नाही म्हणजे ती मेली असं नाही; काही वेळा ती उशिरा पेटते. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये लगेच पुन्हा चाप ओढू नये, कारण सिलिंडर फिरून ते काडतूस नळीसमोरून बाजूला जातं आणि तिथेच फुटू शकतं. आवाज नुसता 'फुस्स' आला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. मग पुढची झाडायचीच नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा गणित आपण वहीवर करू, कानस मात्र वर्कशॉपच्या जॉबवरच चालवू!