गाव झालं शहर, राजधानी झाली गाव!

दोस्तांनो, एक कोडं घालू? एक होतं छोटंसं गाव. शेजारीच होती एक भली मोठी राजधानी. पुढे काय झालं असेल, सांगा बघू!

गावाचं झालं शहर आणि राजधानीचं झालं गाव!

खोटं वाटतंय? मुळीच नाही! दोन्ही ठिकाणं आजही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. मधलं अंतर किती? जेमतेम १५ किलोमीटर!

आधी राजधानीकडे जाऊ. तिचं नाव देवगिरी. यादव राजांची ही राजधानी. उंच डोंगरावर बेलाग किल्ला, पायथ्याशी गजबजलेली वस्ती. १३२७ साली दिल्लीच्या महंमद तुघलकाने ठरवलं, आपली राजधानी आता इथे! देवगिरीचं नाव झालं दौलताबाद. दिल्लीहून माणसं निघाली. सरदार, मौलवी, त्यांची बायकामुलं, सगळे! रस्ता हजार किलोमीटरहून लांब. ना रेल्वे, ना बस. बापरे!

आणि गंमत ऐका. थोड्याच वर्षांत सुलतानाने बेत बदलला. राजधानी पुन्हा दिल्लीला! कितीतरी माणसं आली तशी परत निघाली.

माणसं अशी आली-गेली की काय बदलतं? लोकसंख्या! एखाद्या ठिकाणी जेवढी माणसं राहतात, तेवढी त्याची लोकसंख्या. बाळ जन्मलं की ती वाढते. कुणी वारलं की कमी होते. बाहेरून माणसं राहायला आली की वाढते, गाव सोडून गेली की घटते. आहे की नाही अगदी शाळेतल्या सी-सॉसारखं? एक बाजू वर, दुसरी खाली!

आता दुसरी बाजू बघू. तिथे बसलं होतं खडकी नावाचं चिमुकलं गाव. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे शहर वसवायला घेतलं. हा मलिक अंबर जन्मला कुठे, माहीत आहे? आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात! लहानपणी त्याला गुलाम म्हणून विकलं होतं. तोच मुलगा पुढे इथला कर्ता कारभारी झाला!

पण शहर वसवायचं तर आधी काय हवं? ओळखा! राजवाडा? बाजार? छे! आधी हवं पाणी.

मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. तेव्हा विजेचे पंप कुठले? पण त्यांची गरजच पडली नाही! नहरीला असा बेताचा उतार दिला की पाणी आपलं आपण वाहत यायचं. वरून चालणाऱ्याला पत्ताही नाही की पायाखालून पाणी चाललंय!

पाणी आलं, मग माणसं आली. सैनिक आले, विणकर आले, व्यापारी आले. पुढे औरंगजेब इथे सुभेदार असताना खडकीचं नाव औरंगाबाद पडलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर!

२०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या किती भरली? ११,७५,११६! जनगणनेत घरोघरी जाऊन माणसं मोजतात. एका सेकंदाला एक अशी ही सगळी माणसं मोजायला बसलात, तर न झोपता, न जेवता १३ दिवसांहून जास्त वेळ लागेल!

आणि दौलताबाद? तिथे आज ग्रामपंचायत आहे. हंगामात रस्त्याकडेला गोड सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. एके काळी साऱ्या सल्तनतीचा कारभार इथून चालायचा, हे पाहुण्यांना सांगूनही खरं वाटत नाही!

म्हणून सांगते, कुठलंही गाव कायमचं लहान नसतं आणि कुठलंही शहर कायमचं मोठं नसतं. पाणी, काम आणि सुरक्षित घर मिळेल तिकडे माणसं जातात.

आता तुमची पाळी! ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या गावाची लोकसंख्या विचारा. मग आजी-आजोबांना गाठा. गावात नवीन कोण आलं? कामासाठी बाहेर कोण गेलं? त्यांच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? सगळं वहीत उतरवा आणि वर्गात वाचून दाखवा. तुमच्या गावाचा इतिहास लिहिणारे पहिले तुम्हीच असाल कदाचित!