पानावरील दारे आणि पोटॅश

डोंगरकडा परिसर केळीच्या बागांसाठी ओळखला जातो. केळीला पोटॅश कशासाठी घालतात?

पानावर सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राभोवती दोन रक्षक पेशी असतात. उजेड पडताच त्यांच्या पेशीपटलातील प्रथिनांचे दरवाजे उघडतात आणि पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात. त्यामागे पाणी येते, पेशी फुगतात व रंध्र उघडते. पाण्याचा ताण पडला की आयन व पाणी बाहेर जाऊन रंध्र मिटते. १९८४ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी या दरवाजांतून वाहणारी वीज मोजली.

पोटॅश कमी पडले की ही उघडझाप बिघडते. म्हणून बाग कोमेजली तर दैवाला बोल लावण्याआधी माती तपासावी. प्रत्येक घटनेमागील कारण शोधणे, हीच धम्माची शिकवण आहे.