हाउन्स्लोची आखूड तलवार : पात्यावरील नाव आणि घडविणारे हात

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कमरेला लटकविण्याच्या आखूड, एकधारी तलवारीस ‘हँगर’ ही संज्ञा होती. शिकारी, खलाशी आणि पायदळातील शिपाई यांच्या उपयोगाचे हे शस्त्र. त्यांपैकी हाउन्स्लो येथील हँगर कारागिरीच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतात.

त्या काळी इंग्लंडची भिस्त परदेशी पात्यांवर, मुख्यतः जर्मनीतील झोलिंगेन या शहरावर होती. (मराठ्यांच्या मुठीत बसविलेल्या ‘फिरंगां’ची कित्येक पातीही जर्मनच होत.) पाती आणण्यापेक्षा पाती घडविणारेच आणावेत, या विचाराने पहिल्या चार्ल्स राजाच्या आश्रयाखाली इ. स. १६२९ च्या सुमारास लंडनच्या पश्चिमेस हाउन्स्लोच्या माळावर झोलिंगेनचे लोहार वसविण्यात आले. लंडनचा शस्त्रव्यापारी बेंजामिन स्टोन याचे नाव या उद्योगाशी निगडित आहे.

हँगरचे पाते किंचित वक्र असते. पाठीलगत कोरलेल्या अरुंद पन्हळींमुळे पात्याचे वजन घटते, परंतु ताठपणा फारसा उणावत नाही. काही पात्यांच्या पाठीला करवतीसारखे दाते आढळतात. पोलादास पाणी देणे हा कामाचा सर्वांत नाजूक भाग होय; पाणी अधिक झाल्यास पाते तडकते, कमी झाल्यास धार टिकत नाही. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, हातात होते. धार लावण्याची दगडी चाके पाणचक्कीवर फिरत. मूठ बहुधा सांबरशिंगाची वा लाकडाची असून बोटांच्या रक्षणार्थ शिंपल्याच्या आकाराची लोखंडी परज असे.

पात्यावर लॅटिनमध्ये ‘हाउन्स्लोने मला घडविले’ अशा आशयाचा लेख कोरीत. योहान्स होप्पे, योहान किंड्ट यांसारखी कारागिरांची नावेही पात्यांवर आढळतात, आणि ती उघडउघड जर्मन आहेत. गावाचे नाव इंग्रज, हात मात्र परके, हा विरोध त्या लेखातच सामावलेला आहे. पुढे किंड्टचा ‘केनेट’ झाला.

१६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ही वसाहत दुभंगली. काही कारागीर राजाच्या पाठोपाठ ऑक्सफर्डला गेले, तर काही पार्लमेंटच्या बाजूने मागे राहिले. एकाच भट्टीवर शिकलेले हात आता परस्परविरोधी सैन्यांसाठी पाती घडवू लागले. जे ऑक्सफर्डला गेले त्यांच्या पाणचक्क्या बंदुकीच्या दारूसाठी वळविण्यात आल्या. त्या कारखान्याची काही पाती आज लीड्स येथील रॉयल आर्मरीज या संग्रहालयात आहेत.