पाखराचे तोंड कोणीकडे?

निपाणीच्या पेठेत शिरले की तंबाखूचा उग्र दरवळ आधी सामोरा येई. साठ-एक वर्षांपूर्वी, शाळकरी वयात, त्या पेठेतून मी एकदा विड्यांचे बंडल आणले आणि चांगलाच फसलो.

आमच्या मळ्यावर एक वृद्ध वाटेकरी होते. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. त्यांना अक्षरओळख नव्हती. हातावर पैसे ठेवून त्यांनी मला खूण सांगितली, तांबडा कागद आणि मधोमध पाखरू. मी अगदी तसेच बंडल आणले. तात्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि हळूच म्हणाले, "धाकलं मालक, ह्ये न्हवं त्ये. आपल्या पाखराचं त्वांड उजवीकडं असतंय."

दुकानदाराने ते परत घेतले नाही. पैसे गेले ते तात्यांच्या मजुरीचे. वाचता येत होते मला. म्हणून लाजही मलाच वाटली.

आपल्या सीमाभागात एकच नाव कोणी मराठीत वाचतो, कोणी कानडीत. ज्याला दोन्ही लिप्या येत नाहीत तो चित्र पाहतो नि नाव कानाने ओळखतो. अशा गिऱ्हाइकाची बाजू न्यायालयात कोण घेणार?

मौज अशी की, ती घेतली गेली आहे. 'अमृतधारा' हे घराघरांतले औषध 1901 पासूनचे. पुढे उत्तर प्रदेशात कोणी 'लक्ष्मणधारा' काढली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अमृत वेगळे नि लक्ष्मण वेगळा, असा युक्तिवाद झाला. 1962 साली न्यायालयाने सांगितले की, औषध घेणारा साधा माणूस शब्दाची फोड करीत बसत नाही. त्याच्या मनात अर्धवट आठवण असते, आणि एकंदर सारखेपणाने तो फसतो. तरीही लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. कारण तिथली विक्री ठाऊक असूनही अमृतधारावाले वर्षानुवर्षे गप्प राहिले होते. जो आपले नाव राखीत नाही, त्याचा हक्क असा बोथट होतो.

दुसरा खटला बिस्किटांचा. पार्ल्यांच्या वेष्टनावर बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या एका कारखान्याच्या वेष्टनावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, भोवती पुन्हा गाई-कोंबड्याच! 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल पार्ल्यांच्या बाजूने दिला. दोन वेष्टने शेजारी मांडून फरक मोजू नयेत, ढोबळ ठसा सारखा असला म्हणजे पुरे, असा त्याचा मथितार्थ.

त्यानंतर कायदा बदलला. 1999 चा नवा कायदा 2003 पासून अमलात आला. पण कसोटी त्या अर्धवट आठवणीचीच राहिली. नक्कल करणारा कारखानदाराचा नफा तर पळवितोच. पण दुकानासमोर उभ्या राहिलेल्या अडाणी माणसाचा विश्वासही लुबाडतो, हे त्या कसोटीमागचे शहाणपण.

हे निकाल वाचताना मला तात्या आठवतात. पाखराचे तोंड कोणीकडे, एवढे ध्यानात ठेवण्याचा बोजा कायदा गिऱ्हाइकावर टाकीत नाही. तात्यांनी मात्र ते ध्यानात ठेवले होते. कायद्याच्या पुस्तकातले ते भोळे, विसराळू गिऱ्हाईक तात्या नव्हतेच; ते मी होतो. आणि ते पैसे माझ्याकडून त्यांना परत द्यायचे राहूनच गेले.