हात थकले, तरी झळाळी राखता येते

देपालपुरात उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ उडू लागली, की सकाळी धुतलेली मोटार सायंकाळी पुन्हा मळते. संधिवाताने बोटे आखडलेल्या वडीलधाऱ्यांना मग वाटते, हे काम आता परक्या हाती सोपवावे. आमचे मत निराळे आहे. रंगाची हानी होते ती जोराने घासल्यामुळे. धुळीत मिसळलेले वाळूचे कण रंगावरील पारदर्शक थराहून कठीण असतात. आणि तो थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा. म्हणून कोरडे फडके लावूच नये. गाडी सावलीत घ्यावी, प्रथम पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग मोटारीच्या शाम्पूत भिजविलेले मऊ मायक्रोफायबर कापड वरून खाली हलकेच फिरवावे. बादल्या दोन ठेवाव्यात. एक शाम्पूची, दुसरी कापड खळबळून घेण्याची. त्या अर्ध्याच भराव्यात, म्हणजे उचलणे जड जात नाही. खालचा भाग स्टुलावर बसून करावा. मेण लावताना एका दिवशी एकच दार धुवून, टिपून घ्यावे. आठ-दहा दिवसांत गाडी पुरी होते. पक्ष्यांची विष्ठा मात्र उद्यावर टाकू नये. ओल्या कापडाने भिजवून लगेच काढावी. आपली वस्तू आपल्या हाताने राखल्याचे समाधान उतारवयातही असे टिकविता येते.