कोच आणण्यापूर्वी

दुकानाच्या विस्तीर्ण दालनात बेताचा वाटलेला कोच घरी येताच अर्धी खोली अडवून बसतो, ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकेतील ‘लोज’ या घरसामानाच्या व्यापारी पेढीने तीवर २०१६ साली निराळा उपाय योजून पाहिला. तिने मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा हेडसेट काही दुकानांत ठेवला आणि गिऱ्हाइकांना स्वयंपाकघराची नवी मांडणी आधीच दाखविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो तेथे विक्रीस आला. त्यायोगे अशी पाहणी स्वतःच्या घरी बसून करणे शक्य झाले.

या हेडसेटचे कॅमेरे समोरची खोली टिपून डोळ्यांपुढील चिमुकल्या पडद्यांवर दाखवितात. त्यातील लायडार अदृश्य किरण सोडतो व ते परतण्यास लागलेल्या वेळावरून भिंतीचे, जमिनीचे अंतर काढतो. त्या मापांच्या आधारे कोचाची प्रतिमा खऱ्या आकारात जमिनीवर टेकते; पाहणारा भोवती फिरला तरी ती जागा सोडीत नाही. खिडकी झाकली जाते काय, वाट अडते काय, हे पैसे मोजण्यापूर्वीच उमगते.

बैठक मऊ की टणक, हे मात्र बसल्यावाचून कळत नाही. कोच जिन्याच्या वळणावरून चढेल की नाही, ते तर खोलीकडे पाहून कसे कळावे? तेथे टेपच हवी. शिवाय व्हिजन प्रोची आरंभीची किंमत ३,४९९ डॉलर. तेवढ्यात अवघा दिवाणखाना सजावा! आयकिया या स्वीडिश पेढीने २०१७ सालीच हे काम मोबाइलवर आणून दाखविले होते. तिचे भारतातील पहिले दुकान २०१८ साली हैदराबादेत उघडले; तेथे कोचावर बसूनही पाहता येते.